तीन सेंटिमीटर

"मॅडम, माझीपण उंची मोजा ना."

"इथे पोटुश्या बायकांची मोजतात."

"मग मला जरा सूट द्या की."

पेणकरपाड्यातल्या त्या लहानशा प्रसूतिगृहात बहिणीचं नाव घालायला आलेला हा लांबलचक माणूस सरळ भिंतीवरच्या पट्टीला पाठ लावून उभा! स्वप्नाली तिथली नर्स, अंगाने एवढीशी. आकडा वाचायला ती स्टुलावर चढली, तर त्याचे डोळे अगदी समोर... कसला आकडा नि कसलं काय!

"एकशे ऐंशी," तिने ठोकून दिलं.

उदय त्याचं नाव. भाईंदरला स्टीलच्या कारखान्यात कामाला.

मग त्याची बहीण दिव्या उभी राहिली. एकशे बेचाळीस. एकशे पंचेचाळीसच्या खाली भरली की कार्डावर लाल टिकली लावायची, हा डॉक्टर मनोरमाबाईंचा नियम. बुटक्या आईचे दिवस कधीकधी पुरे भरत नाहीत, बाळ आधीच येतं. म्हणून तिला महिन्याऐवजी पंधरवड्याला तपासायचं. दिव्याने स्वप्नालीचा हात धरला. "ताई, नका ना लावू. सासूबाई आधीच उंचीवरून टोमणे मारतात." असले टोमणे स्वप्नालीने जन्मभर ऐकलेले. ती विरघळली आणि तिने एकशे पंचेचाळीस लिहिलं.

मग दर महिन्याला दिव्याबरोबर उदय हजर! एकदा केबिन रोडच्या बाजारातून स्वप्नालीसाठी उंच टाचांच्या चपलाच घेऊन आला.

"चिडवतोस?"

"नाही गं. खाली बघून माझी मान दुखते."

किती हसली ती! आणि घरी जाऊन त्या चपला घालून आरशासमोर उभी राहिली, वेडी कुठली.

आठव्या महिन्याच्या सुरुवातीलाच दिव्याला कळा आल्या. बाळ नऊ दिवस काचेच्या पेटीत होतं. दहाव्या दिवशी गेलं.

दीड महिन्याने एका मळभट संध्याकाळी उदय आला. प्रसूतिगृहाच्या बाकावर दोघंच होते.

"स्वप्नाली... लग्न करशील माझ्याशी?"

याच प्रश्नाची तिने किती वाट पाहिली होती! पण ती म्हणाली, "आधी ऐक... दिव्याची उंची मी खोटी लिहिली. तीन सेंटिमीटर जास्त."



"माहितीये. टिकलीचं कळल्यावर मीच तिला सांगितलेलं, त्या मॅडम मऊ वाटतात, त्यांच्या हातापाया पड."

"म्हणजे... त्यासाठी गोड बोलत होतास?"

"त्या दिवशी — हो. नंतर नाही गं. आईशप्पथ."

राग आला तिला, आणि त्याहून जास्त रडू आलं.

"टिकली लावली असती तर बाळ वाचलं असतं का गं?" त्याने विचारलं.

"सांगता येत नाही. लाल टिकलीवाल्यांतल्या कितीतरी जणींचे दिवस पुरे भरतात. पण त्यांच्यावर आम्ही लक्ष ठेवून असतो... दिव्यावर कुणी ठेवलंच नाही." तिने डोळे पुसले. "आणि कार्डावर अजून तोच आकडा आहे, उदय. उद्या तिला पुन्हा दिवस गेले, तर डॉक्टरबाई तोच खरा धरतील."

"सांगितलंस तर नोकरी जाईल."

"जाऊ दे."

"आणि माझ्या प्रश्नाचं?"

"बाईंना सांगून बाहेर आल्यावर विचार. तेव्हाही वाटलं तर..."

ती उठली. मनोरमाबाईंच्या केबिनच्या दाराशी पोचली, पण टकटक करायला हात उचलला जाईना. मागून उदय आला आणि तिच्या शेजारी उभा राहिला.

"मीपण येतो. पहिलं मी बोलतो."

"नाही," ती म्हणाली. "लिहिलं मी होतं."

आणि तिने दार वाजवलं.