उरलेला हुंकारा

काम म्हणाल तर साधंच. दिल्लीत मयूर विहारच्या फ्लॅटमधल्या मागच्या खोलीत बसायचं, माइकसमोर एक गोष्ट सांगायची. द्वारकाबाईंची शाळा चौथीतच सुटलेली. पण भाची तनया नोएडात आवाजाचं गणित मांडायची, आणि त्या गणिताला आवाज हवा होता तो आत्याचा! द्वारकाबाईंचं सोसायटीभर सांगून झालं होतं.

"तू पुढे कसा आवाज काढणार ते मशीन आधीच ओळखतं," तनयानं समजावलेलं. "ओळखलेलं वजा करायचं. मागे नुसती श्वासाची फुसफुस उरली, की गणित बरोबर. आज चारला साहेबांना दाखवायचंय, आत्या. दोन वर्षांचं काम आहे. मस्करी बिल्कुल नको."

"मी कधी केली गं मस्करी?"

द्वारकाबाईंनीच नवऱ्याच्या, गुणवंतरावांच्या आवाजात दूधवाल्याला दारातून पळवलेलं. नवरा वारल्यावर!

आवाज घुमू नये म्हणून खोलीच्या भिंतींवर रजया टांगलेल्या. भरदुपारी मिट्ट काळोख, डांबरगोळ्यांचा वास. द्वारकाबाईंनी एकटीनं रंगवून गोष्ट सांगितली.

तनयानं हेडफोन लावले आणि तिचा चेहराच उतरला.

"आत्या… काकांचा आवाज का काढलास?"

"मी? नाही गं!"

"ऐक."

उरलेल्या फुसफुशीत, वाक्यावाक्याला… हं… हं… गुणवंतरावांचाच हुंकारा, घशातून ओढलेला.

"आता साहेबांना काय दाखवू मी? यार, आत्या!"

"अगं, एकाच तोंडानं गोष्ट सांगू नि त्याच वेळी हुंकाराही देऊ?"

तनयानं पुन्हा ऐकलं. हुंकारा खरंच आत्याच्या शब्दांवर चढत होता. तिनं हळूच हेडफोन काढले.

द्वारकाबाईंनी पदर खोचला. आत आता डांबरगोळ्यांत गुणवंतरावांच्या तपकिरीचा वास मिसळला होता.

"अहो… पोरीचं काम आहे. हुंकारा नको. गप्प ऐका."

गोष्ट पुन्हा सांगून त्या बाहेर आल्या, दार ओढून घेतलं. तनया ऑफिसशी फोनवर बोलत होती. ते संपल्यावर तिनं रेकॉर्डिंग थांबवलं. गोष्ट तपासली. नुसती फुसफुस. लॅपटॉप काखेत मारून ती पळालीच.

पाचला फोन आला. "आत्या, पास! सगळे उठून उभे राहिले!"

"मग? आवाज कुणाचा!" द्वारकाबाईंचा ऊर भरून आला. पोरीचं कौतुक होतंच, पण यांचंही. जिवंतपणी अर्ध्या गोष्टीत घोरायचे. आज शेवटपर्यंत जागे राहिले, बायकोचं ऐकलंसुद्धा.

"पण… तू बाहेर आल्यावर बारा मिनिटं रेकॉर्डिंग चालूच होतं. त्यात परत हुंकारा आहे."

"असू दे की. बसले असतील बिचारे."

"तसं नाही… मशीननं त्या बारा मिनिटांतूनही एक आवाज वजा केलाय. कानाला तो ऐकू येत नाही, पण कुणीतरी बोलत होतं…"

"कोण?"

"मशीन म्हणतंय… तू."

द्वारकाबाईंनी समोरच्या परातीकडे पाहिलं. ती बारा मिनिटं त्या इथंच होत्या, स्वयंपाकघरात, तोंड मिटून मटार सोलत.