बरणीतलं पाणी

जळगावात कम्प्युटर जोडून देणारे आम्ही पन्नासएक जण तरी असू. त्यात सगळ्यात स्वस्त मी, असं माझे वडील म्हणतात, आणि ते कौतुकानं म्हणत नाहीत. आमच्या घरात तीन पिढ्या डाळीचा धंदा. भिकमचंदांचा मुलगा स्क्रू ड्रायव्हर घेऊन बसतो, हे त्यांच्या अजून पचनी पडलेलं नाही. पण कमी पैशांत गेमिंगची मशीन जोडावी तर श्रेयांसनंच, एवढं नाव मी कमावलंय.

मार्चमध्ये पारोळ्याहून ज्ञानेश्वरचा फोन आला. डिप्लोमाच्या वेळी आम्ही तीन वर्षं एका खोलीत काढली. आता तो तिथं ठिबकच्या दुकानात कामाला आहे, घरची शेतीही आहे. गेम चालतील असा एक कम्प्युटर जोडून दे, पस्तीस हजारांत बसव, एवढंच म्हणाला. दहा महिन्यांत त्यानं माझ्याकडे मागितलेली ती पहिली गोष्ट होती. मी तिथल्या तिथं हो म्हणालो.

दहा महिन्यांचं काय ते आधीच सांगून टाकतो. गेल्या मे महिन्यात त्याचे वडील, उखर्डू नाना, शेतात ठिबकच्या नळ्या अंथरायला गेले होते. दुपारी दोन वाजून दहा मिनिटांनी त्यांनी मुलाला फोन केला, की पाणी संपलं, घेऊन ये. तेव्हा ज्ञानेश्वर आणि मी मोबाइलवर एकत्र खेळत होतो. तो पारोळ्यात, मी जळगावात, दोघांच्या कानात हेडफोन. तो म्हणाला, निघतो. मी म्हणालो, "हा राउंड तर संपव. नाना काय पळून चाललेत?" राउंड पस्तीस मिनिटं चालला. आम्ही जिंकलो. ज्ञानेश्वर कॅन घेऊन पोचला तेव्हा नाना बांधावरच्या बाभळीखाली टेकून बसले होते. डॉक्टरांनी उष्माघात लिहिलं.

मी काय बोललो ते आम्हा दोघांनाच ठाऊक. ज्ञानेश्वर त्यावर कधी एक शब्द बोलला नाही. तो रडलाही नाही. दहाव्याला, तेराव्याला सगळे विधी त्यानं नेमून दिलेलं काम करावं तसे केले आणि पुढे तसाच राहिला. त्यानं मला चार शिव्या दिल्या असत्या तर मला सुटल्यासारखं झालं असतं. त्यानं दिल्या नाहीत. माझंही आत काहीतरी सुन्न होऊन बसलं होतं, दाढ काढल्यावर गाल असतो तसं.

मशीन मी जीव लावून जोडली. प्रोसेसर जुना पण दमदार होता, ग्राफिक्स कार्ड बंद पडलेल्या एका सायबर कॅफेतलं. अडचण एकच होती, पारोळ्याचा उन्हाळा. तिथं खोलीतच त्रेचाळीस असतं, साधा पंखा प्रोसेसरला काय गार करणार? म्हणून पाण्यावर थंड होणारी जोडणी करायची ठरवली. तांब्याचा ठोकळा माझ्याकडे पडून होता. पंप घरच्या कूलरचा, नळी ज्ञानेश्वरच्या दुकानातली ठिबकची, आणि पाण्याला घट्ट झाकणाची पारदर्शक बरणी. कंपनीचं असं काही घ्यायचं तर सात-आठ हजार लागतात; माझं सहाशेत झालं. अशा जोडणीत बॅटरीत घालतात ते शुद्ध पाणी लागतं, म्हणून त्याचा कॅनही बरोबर घेतला.

मला वेळ मिळाला तो नेमका आखाजीच्या, म्हणजे अक्षय्य तृतीयेच्या, दिवशी. एसटीत कॅबिनेट मांडीवर होतं आणि कॅन पायाशी. एरंडोल येईपर्यंत कॅनचं बूच सैल झालं आणि अर्ध्याहून जास्त पाणी बसच्या पत्र्यावर सांडलं. पारोळ्यात सणामुळे दुकानं बंद होती.

ज्ञानेश्वरची बायको ज्योती सांजोऱ्या तळण्यात गुंतली होती. जोडणी झाली, पाणी दोन तांबे कमी पडलं. मी ज्ञानेश्वरला म्हटलं, गाळलेलं पाणी दे. त्यानं वर न बघता कोपऱ्याकडे हात केला. कोपऱ्यात पिण्याचा काळा माठ होता आणि शेजारी नवीकोरी लाल घागर. घागरीवर एक लहान मडकं, त्यावर खरबूज आणि दोन आंबे. कुंकवाची बोटं उठवलेली होती, पण सणाला कुंकू काय, आमच्याकडे तिजोरीलाही लागतं. आमच्या जैनांच्या घरात हा दिवस उसाच्या रसाचा. वर्षभराचा उपास सोडणाऱ्यांना त्या दिवशी रस पाजतात. पाण्याच्या घागरीचं काही असतं हे मला कुणी सांगितलेलं नव्हतं. नव्या घागरीचं पाणी गार असतं, एवढाच हिशेब करून मी वरचं मडकं उतरवलं, दोन तांबे काढले आणि मडकं होतं तसं ठेवून दिलं.

मशीन पहिल्या झटक्यात सुरू झाली. खोलीत त्रेचाळीस अंश होतं. प्रोसेसर दाखवत होता एकोणतीस.

हे होत नाही. बंद बरणीतलं पाणी खोलीच्या हवेपेक्षा गार कशानं होणार? घागरीचा गारवा फार तर दहा-पंधरा मिनिटं टिकावा; तासाभरानं मी दुसरं सॉफ्टवेअर टाकून पाहिलं, त्यातही एकोणतीस. ठोकळ्याला बोट लावलं आणि लगेच काढून घेतलं. सेन्सर बिघडलाय, असं मी ज्ञानेश्वरला सांगितलं. पण बोट कुठल्या सेन्सरनं गारठलं, ते मी स्वतःला विचारलं नाही. जळगावची बस पकडली.

आठ दिवसांनी त्याचा फोन आला. बरणीतलं पाणी रोज चार बोटं कमी होतं, तो रोज भरतो, असं त्यानं हवामान सांगावं तसं सांगितलं. मी गेलो. प्रत्येक जोडाला कोरडा कागद लावून पाहिला, नळीवर पावडर मारली. कुठे थेंबाचा डाग नाही. झाकण घट्ट होतं. मी बॅटरीचं पाणी घालून बरणी भरली, मार्करनं खूण केली आणि ठाण मांडून बसलो.

बारा वाजता वीज गेली. मशीन बंद, पंप बंद. मला बरंच वाटलं. पंपच बंद म्हटल्यावर पाणी जाणार कुठे? ज्ञानेश्वर खुर्ची ओढून बरणीसमोर बसला. गेम खेळतोस का, मी विचारलं. पहिले दोन दिवस खेळलो, तो म्हणाला.

दोन वाजले. दारावरचा पडदा हलत नव्हता. रस्त्यावर एक रिक्षा गेली, मग काहीच नाही.

दोन वाजून दहा मिनिटांनी बरणीत एक बुडबुडा आला.

पाणी खुणेच्या खाली सरकलं. थांबलं. पुन्हा बुडबुडा, पुन्हा सरकलं. गळणारं पाणी सलग उतरतं. हे घोटाघोटानं उतरत होतं. मध्ये दम घ्यायला थांबत होतं.

चार बोटं उतरलं आणि थांबलं.

"रोज याच वेळेला," ज्ञानेश्वर म्हणाला. त्याच्या आवाजात भीती नव्हती, आनंदही नव्हता. त्यानं झाकण उघडलं, माठातून तांब्या भरून आणला आणि बरणी भरून ठेवली.

ज्योतीनं मला ओट्याजवळ बोलावलं. महिनाअखेरीस ज्ञानेश्वरची दुकानातली नोकरी जाईल, असं तिनं सांगितलं. एकदा बसला की तो दिवसभर तिथून उठतच नाही. "भाऊ, हाई लई जा," ती मशीनकडे बोट करून म्हणाली. "बठ्ठा दिन ते आठेच बठेल शेतस." मी सहज विचारावं तसं विचारलं, की त्या दिवशी कोपऱ्यात लाल घागर कशाची होती. तिनं माझ्याकडे बघितलं. "ती नानास्ना नावनी व्हती. पहिली आखाजी ना. गेलेला माणूस येस, पानी पेस, मंग जास." मग ती म्हणाली, की दुसऱ्या दिवशी घागर हलवताना ती तिला हलकी लागली होती, तेव्हा तिला बरं वाटलं होतं.

घागर मी हलकी केली होती, हे मी तिला सांगितलं नाही. मशीन उद्या नेतो, एवढं म्हणालो आणि रात्री तिथंच राहिलो. झोप आली नाही. राहण्याचं कारण मशीन नव्हती. नाना पाणी पीत असतील, तर एकदा ते माझ्या हातचं प्यावेत, एवढं मला हवं होतं. मग ज्ञानेश्वर बोलला नसता तरी मला चाललं असतं. तर्काला धरून चालणारा माणूस मी, गिऱ्हाइकांना वॉरंटीची कलमं वाचून दाखवणारा. पण हवं होतं ते हेच.

दुसऱ्या दिवशी दीड वाजता मी ज्ञानेश्वरला म्हणालो, आज मी भरतो.

"तू?" त्यानं विचारलं.

"हो."

"बघ," तो म्हणाला आणि बाजूला झाला.

मी आंघोळ केली होती. बरणी रिकामी केली, तांब्या घासला, माठातून पाणी काढलं. ते अजून गारच होतं. खुणेपर्यंत भरलं, झाकण दोन्ही हातांनी आवळलं. वीज त्याही दिवशी नव्हती. मी हात जोडले नाहीत, पण मनातल्या मनात म्हणालो, नाना, चूक माझी होती, त्याची नव्हती.

दोन वाजून दहा झाले. बुडबुडा आला नाही.

दोन अकरा. बारा. पाणी खुणेवर स्थिर.

ज्ञानेश्वर बरणीकडे बघत नव्हता. तो माझ्याकडे बघत होता. नाना गेले त्या दुपारनंतर त्यानं माझ्याकडे असं सरळ पाहिलं ते पहिल्यांदाच. त्याचे डोळे भरून आले होते.

मग पाणी हललं.

ते वर चढलं. बोटभर. आत यायला कुठूनही वाट नव्हती, नळीत पाणी स्तब्ध होतं, आणि बरणीत मी ओतलं होतं त्याहून एक घोट जास्त झालं होतं. नाना माझ्या हातचं प्याले नव्हते, उलट एक घोट परत देत होते.

ज्ञानेश्वरनं झाकण उघडलं. मला हात पुढे करायला सांगितलं. मी ओंजळ धरली. खुणेच्या वरचं तेवढंच पाणी त्यानं माझ्या ओंजळीत ओतलं.

ते कोमट होतं, थोडा वेळ कुणी तोंडात धरून ठेवल्यासारखं.