हिदामारीतला सोमवार

“आणि हा ओदेन कोण खाणार? तुझा कॉम्प्युटर?”

“ठेव ना ताई तिथे. खातो म्हटलं ना.”

“मागच्या महिन्यातही खातो म्हणाला होतास. डबा धुवायला घेतला तेव्हा अंड्याला मिशा फुटल्या होत्या.”

“मग अंडं घालत जाऊ नकोस.”

यासुएने ओदेनचा, रश्शात उकळलेल्या मुळा-अंड्यांचा, डबा टेबलावर आपटला आणि कोट न काढताच बसली. तिचे पाय ठणकत होते. ती एकाच कामासाठी आली होती. पहाटे भावाला उठवायचं आणि बागेत न्यायचं. सतरा जानेवारीला पाच सेहेचाळीसला, ज्या मिनिटाला भूकंपाने कोबे शहर आडवं केलं, त्या मिनिटाला तिथे कंदील लावून सगळे गप्प उभे राहतात. नोबूमिची कित्येक वर्षांत आला नव्हता. यंदा तीस वर्षं होत होती.

“या खेपेला फरफटत नेईन,” ती म्हणाली.

“काम चाललंय माझं.”

“दोन वर्षं तेच काम चाललंय. एवढ्यात लोक नवा पूल बांधतात.”

ही गोष्ट कुराहाशी सांगतात. कोबेच्याच नागाता भागात रेडिओ-टीव्ही दुरुस्त करण्यात त्यांची हयात गेली. आता दुकान बंद आहे, पण जुनी यंत्रं घेऊन तरुण पोरंपोरी तिथे जमतात. मेलेलं यंत्र उघडायचं, त्यातली चिप वाचायची, आणि नव्या कॉम्प्युटरला त्या यंत्राचं सोंग घ्यायला लावायचं, असा त्यांचा नाद. रात्री काम आटोपलं आणि शटर अर्धं खाली ओढलं, की कुराहाशी बोलू लागतात.

“माझ्यासमोर घडलेलं नाही,” ते आधीच सांगून टाकतात. “पण यासुए माझ्या ओळखीची. इस्पितळात रात्रपाळ्या करून म्हातारी झाली. मेलेलं कुठलं आणि जिवंत कुठलं, हे तिला कोणी शिकवायला नको.”

यंत्राचं नाव हिदामारी. टीव्हीला जोडायचं, तबकडी घालायची, की खेळ, गाणी, ज्ञानकोश, सगळं एकात. सगळं एकात म्हणूनच कुणाला धड काही नको होतं. दुकानदारांनी ते वर्षभरात मागच्या फळीवर टाकलं आणि बनवणारी कंपनीही बुडाली. पण यासुएच्या वडिलांनी ते पहिल्याच हिवाळ्यात हौसेने आणलं होतं, आणि धाकटी बहीण चिगुसा त्याला चिकटली होती ती त्यातल्या घरफलकामुळे. पडद्यावर पेनने लिहायचं. ज्याला उशीर होईल, ज्याला भूक लागेल, त्याने निरोप ठेवायचा. एकोणीस वर्षांची पोर. दिवसभर त्यावर भावाबहिणीच्या खोड्या काढायची.

भूकंपाच्या पहाटे घरात ती एकटी होती. आईवडील गावी, यासुए ड्युटीवर. नोबूमिची येतो म्हणाला होता, पण ओसाकात मित्रांबरोबर बसला आणि शेवटची गाडी चुकली.

ढिगाऱ्यातून त्याने ते यंत्र काढलं. एक कोपरा फुटलेला. आतल्या बटणाएवढ्या सेलच्या जिवावर निरोप चिपमध्ये तग धरून होते. सेल मरायला आला, तेव्हा कुराहाशींनी चिप वाचून दिली आणि मूळ चिप आपल्या खणात ठेवली. उरलेलं सोंग नोबूमिचीने स्वतः उभं केलं.

“आज पहिल्यांदा फलक उघडला,” तो बहिणीला म्हणाला. “ये, बघ.”

“मला नाही बघायचं.”

“तिचं अक्षर आहे ताई.”

ती उठली. पडद्यावर फिकट पिवळा कागद होता, त्यावर चिगुसाच्या ओळी. वर तारीख. यासुए चष्मा वर सरकवून बघत राहिली.

“वार चुकलाय तुझा.”

“कुठे?”

“सोमवार लिहिलंय. आज गुरुवार. कचऱ्याची गाडी सकाळी येऊन गेली.”

नोबूमिची हसला, मग हसता हसता थांबला. राजा बदलला की त्या देशात शक बदलतो आणि वर्षं पुन्हा एकपासून मोजतात. हिदामारीला जुन्या राजाच्या शकापलीकडे दुसरा शक माहीतच नव्हता. नोबूमिचीने सवयीने चालू शकाचं वर्ष यंत्राला दिलं होतं. सात. आणि जुन्या शकाचं सातवं वर्ष म्हणजे भूकंपाचं वर्ष.

“सोळा जानेवारी,” यासुए म्हणाली. “सोमवार. सुट्टी होती त्या दिवशी.”

“चूक आहे. दुरुस्त करतो.”

“कर.”

पण त्याने हात पुढे केला नाही.

गोष्ट इथे आली, की कुणीतरी म्हणतंच. एका रात्री दुकानात हिनानो नावाची पोरगी म्हणाली, “काका, ही भुताची गोष्ट नाही. गबाळा कोड आहे.”

“गबाळाच होता,” कुराहाशी म्हणाले. “पुढे ऐक.”

साडेअकराच्या सुमारास फलकावर एक रेघ उमटली.

यासुएला वाटलं, भावाचा हात माउसला लागला. भावाचे दोन्ही हात ओदेनच्या डब्यावर होते. रेघ वळली, खाली आली, शेवटी उगाचच एक गिरकी घेऊन थांबली. ती गिरकी यासुएने चिगुसाला लहानपणी शंभरदा खोडायला लावली होती.

*नोबूदा, चुकली ना गाडी? मी झोपते. दाराला कडी घालत नाही.*

“हे चिपमध्ये होतं?” यासुएने विचारलं.

“नाही.”

“नीट आठव.”

“ताई, एकेक ओळ पाठ आहे मला. नाही.”

मग त्याने माउस धरला. लहान पोराच्या हातासारखी वेडीवाकडी अक्षरं आली. झोपू नकोस. घराबाहेर पड. आत्ता.

बराच वेळ काही नाही. कॉम्प्युटरचा पंखा घरघरत होता.

*वेडा. बाहेर किती गारठा आहे.*

“चिगू,” नोबूमिची पडद्याला म्हणाला. “चिगू, ऐक...” आणि लिहीत सुटला. शाळेच्या मैदानात जा. शेजाऱ्यांकडे जा. शपथ आहे तुला. ओळीखाली ओळ. कागद भरला, नवा कागद आला.

उत्तर नाही.

“झोपली ती,” यासुए म्हणाली.

“उठेल.”

“कधी उठली होती ती? तोंडावर पाणी मारावं लागायचं.”

एक वाजला. तीन वाजले. तो लिहीत होता. ती बसल्या जागी पेंगत होती, दचकत होती, पुन्हा पेंगत होती. रात्रपाळीचीच सवय ती, उघड्या डोळ्यांची झोप. पाचनंतर खाली रस्त्यावर पावलं सुरू झाली. लोक बागेकडे निघाले होते.

“नोबू. निघायला हवं.”

तो उठला नाही. फलकाच्या कोपऱ्यात घड्याळ होतं. पाच अडतीस. एकोणचाळीस. चाळीस.

त्याने एक कळ दाबली.

सगळं थांबलं. घड्याळ थांबलं, पंखासुद्धा हलका झाला. पडद्याच्या मधोमध दोन उभ्या रेघा आल्या.

“काय केलंस?”

“थांबवलं. सोंग आहे ना, थांबवता येतं. पाच चाळीस. याच्या पुढे जाऊच देत नाही.”

“किती वेळ?”

“कायम.”

“आणि ती?”

“ती झोपलीय. झोपू दे. सकाळ होणारच नाही तिथे. जिवंत राहील ती.”

यासुए उठून उभी राहिली. तिचा आवाज चढला नाही, चढण्याइतकं त्राण नव्हतं.

“अशी जिवंत माणसं मी वॉर्डात पाहिलीत. नळ्या लावलेली. ना इकडे ना तिकडे. नातेवाईक रडायचे, काढू नका म्हणायचे आणि घरी जाऊन जेवायचे. कूस बदलायला मी असायचे.”

“तू असायचीस. सगळ्यांसाठी असायचीस. त्या रात्री कुठे होतीस?”

“ड्युटीवर. तू?”

त्याने माउस दूर सारला. मग म्हणाला, “बोल अजून. पण मी चालू करणार नाही.”

“तीस वर्षं तू थांबलायस तेवढं पुरे नाही? तिलाही डांबणार?”

“हो.”

“कर चालू.”

“नाही.”

“नोबू...”

“चालू केलं तर सहा मिनिटांत छप्पर येईल तिच्यावर. मी दाबू ती कळ? तू दाबशील?”

तिने हात पुढे नेला. बोट कळेपर्यंत गेलं... तिथेच राहिलं.

खालच्या रस्त्यावर आता कुणी नव्हतं. एकही गाडी नाही. सगळं शहर एकदम गप्प झालं होतं. तेव्हा दोघांना कळलं, की खरे पाच सेहेचाळीस वाजत आहेत.

कुणी हललं नाही.

पडद्यावर दोन उभ्या रेघा तशाच. घड्याळ तसंच, पाच चाळीस. काहीच चालू नव्हतं.

आणि रेघ उमटली.

“मी नाही,” नोबूमिची पुटपुटला. त्याने दोन्ही हात वर धरले. “ताई, थांबलेलं आहे ते. बघ... थांबलेलं आहे.”

रेघ वळली. खाली आली. सावकाश. घाई नव्हती तिला. शेवटी गिरकी.

*येते मी.*

कुराहाशी इथे आवाज खाली आणतात. त्या आठवड्यात यासुए त्यांच्याकडे आली आणि खणातली चिप पुन्हा वाचा म्हणाली. खणाला कुलूप होतं, चिपला ना सेल ना वीज; ती कोरीच निघायला हवी होती. त्यांनी वाचली. जुने निरोप जसेच्या तसे होते. सगळ्यांत खाली ती ओळ होती. त्यांनी दुसऱ्या यंत्रावर वाचली. ओळ होती. अजून आहे. हिनानोने खणाकडे पाहिलं आणि स्टूल जरा अलीकडे ओढलं.

पण ते नंतरचं.

त्या पहाटे नोबूमिचीचा हात पुन्हा माउसकडे गेला होता. त्याला चिगुसाला अडवायचं होतं, विचारायचं होतं, कुठे, कशी, कुणाबरोबर. यासुएने त्याचं मनगट धरलं. त्या देशात घरातून बाहेर पडणारा माणूस येतो म्हटल्याशिवाय चपला घालत नाही, आणि आतल्याने उत्तर दिल्याशिवाय निघत नाही. दारातच उभा राहतो. कितीही वेळ.

ती पडद्यासमोर वाकली. कोटाची बटणं अजून गळ्यापर्यंत लावलेली होती. रात्रपाळी संपवून आलेल्या बाईच्या दमलेल्या, रोजच्याच आवाजात ती म्हणाली,

“ये हं जाऊन.”