उतरवलेलं दार

पाडकामाच्या जागेवरून दारं आणायची तर सकाळी लवकर गेलेलं बरं. ऊन चढलं की मजूर वैतागतात, बिजागऱ्या उचकटून काढतात, आणि चांगल्या चौकटीचं सरपण होऊन बसतं. म्हणून त्या दिवशीही दारवाले चहा पोटात जाताच मेहुण्याच्या टेंपोत जाऊन बसले. खरं नाव काहीही असो, त्या रस्त्यावर सगळे त्यांना दारवालेच म्हणत. जुनी दारं, खिडक्या, जिन्याचे कठडे उचलून आणायचे, घासूनपुसून उभे करायचे आणि विकायचे, हा त्यांचा धंदा.

रस्त्याला पुन्हा बरे दिवस आले होते. कारखाने बंद पडल्यापासून तो लांबलचक रस्ता अंथरुणाला खिळलेल्या माणसासारखा पडून होता. आता मधोमध खांबांवरून गाडी धावू लागली, काचेची दुकानं उघडली, आणि दोन्ही बाजूंच्या इमारती एकामागून एक खाली येऊ लागल्या. रहिवाशांना शहराबाहेर तात्पुरत्या घरांत हलवायचं, जुनी इमारत पाडायची, नवी उंच बांधायची आणि मग सगळ्यांना परत आणायचं, असं ठरलेलं होतं. परत कधी आणायचं, हे मात्र कोणी सांगत नव्हतं.

"दाजी, अख्खा रस्ता उठून तुमच्या वखारीत आलाय," मेहुणा म्हणाला. "आता भिंती तेवढ्या आणायच्या राहिल्या."

त्या दिवशीच्या इमारतीत तिसऱ्या मजल्यावर, अगदी टोकाला, एक हिरवं दार होतं. खालच्या बाजूला पत्रा ठोकलेला, कडीभोवतीचा रंग बोटांनी झिजून गेलेला. बाकीची दारं मुकाट उतरली. हे काही केल्या सुटेना. मेहुण्याने खांदा लावला, शिव्या घातल्या, शेवटी चौकटीसकट काढावं लागलं. निघताना भिंतीतून ढीगभर चुना खाली आला आणि त्या रिकाम्या खोलीत बामाचा वास दरवळला. आदल्याच रात्री कोणी पाठीला चोळून झोपलं असावं, इतका ताजा.

वखारीत जागा उरली नव्हती. दारवाल्यांनी ते दार कुंपणाच्या भिंतीला टेकवून ठेवलं, बाहेरची बाजू भिंतीकडे. मागे जेमतेम हात जाईल एवढी फट राहिली.

दुसऱ्या दिवशी, उजेड कमी होऊ लागला तशी त्यांनी पॉलिशची फडकी गोळा करायला घेतली. तेवढ्यात आवाज आला. टक टक. थोडं थांबून आणखी एकदा, टक.

उंदीर असेल, असं म्हणून त्यांनी सोडून दिलं. पण पुढच्या संध्याकाळी मागच्या घरातून बायको बाहेर आली. "अहो, कोणीतरी दार वाजवतंय."

"फाटक उघडंच आहे की. कशाला वाजवेल कोणी?"

"फाटक नाही हो..."

दोघं दारांच्या रांगेपुढे उभे राहिले. पांढरी, तपकिरी, निळी, सगळी दारं भिंतीला पाठ लावून गप्प होती. मग त्या हिरव्या दारावर टक टक झालं. भिंतीच्या बाजूने.

दारवाल्यांनी फटीत बॅटरी मारून पाहिली. एक कोळिष्टक आणि ओल आलेली वीट. त्यांनी लाकडाला कान लावला. पलीकडे कोणीतरी धापा टाकत होतं. खूप जिने चढून आल्यावर माणूस उंबऱ्याशी उभा राहून श्वास गोळा करतो ना, तसं.

"कोण...?" त्यांच्या तोंडून निघून गेलं.

"मी आहे," पलीकडून म्हाताऱ्या बाईचा आवाज आला.

घरातलं माणूस दाराबाहेरून जसं सांगतं, तसंच. नाव नाही, गाव नाही. आत असणाऱ्याला आपला आवाज कळणारच, या खात्रीचं.

त्यानंतर दारवाले संध्याकाळी वखारीत थांबेनासे झाले. एका कॉफीवाल्याला टेबलासाठी जुनं दार हवं होतं. हेच देऊन टाकू, असं त्यांच्या मनात आलं. बायकोने ऐकलं मात्र, ताट बाजूला सरकवलं.

"म्हातारी बाई आहे ती. रोज तीन जिने चढून येते, आणि आपण आत बसून ऐकतोय. मला घास उतरत नाही."

"अगं, पण उघडायचं म्हणजे काय करायचं? मागे भिंत आहे!"

"उघडायचं तुम्ही. मागे काय आहे ते तिचं तिला ठाऊक."

संध्याकाळी दोघांनी मिळून ते दार चौकटीसकट वखारीच्या मधोमध आणलं आणि दोन्हीकडून टेकू देऊन उभं केलं. आता त्याच्या पुढेही मोकळी जमीन, मागेही मोकळी जमीन. उजेड विटत गेला. खांबांवरून एक गाडी धडधडत गेली, आणि तिचा आवाज विरतोय न विरतोय तोच टक टक झालं. दारवाल्यांनी कडीला हात घातला. बायकोने त्यांच्या हातावर हात ठेवला, आणि दोघांनी कडी काढली.

समोर कोणी नव्हतं. आपलीच वखार, आपलाच लाकडाचा भुसा. पण गार हवेची एक झुळूक दोघांच्या मधून हळूच आत आली, बामाचा आणि चुन्याचा वास घेऊन. आणि अगदी कानाशी कोणीतरी सुस्कारा टाकला.

"हुश्श... पोचले बाई."

मग दारावर काही वाजलं नाही. पण घरात मात्र ते दोघंच राहिले नव्हते. पहाटे स्वयंपाकघराच्या बाजूने खोकला यायचा. खिडकीजवळची खुर्ची कोणी बसल्यासारखी करकरायची. भीती अशी वाटत नव्हती. जीव मात्र थाऱ्यावर राहत नव्हता. कारण अंधार पडू लागला की दाराशेजारच्या भिंतीवरून कोणाचा तरी तळवा फिरायला लागायचा. खसखस, खसखस, खांद्याच्या उंचीवर, पुन्हा पुन्हा त्याच जागी. बायकोने दोन संध्याकाळी ऐकलं आणि तिसऱ्या संध्याकाळी तिला रडू फुटलं.

"दिव्याचं बटण शोधतायत हो त्या. त्यांच्या घरी तिथं असणार..."

आपल्या घरात ते बटण दुसऱ्या बाजूला होतं. तिने उठून दिवा लावला. तळवा थांबला. मग फार हळू आवाजात कोणीतरी म्हणालं, "हे आपलं नाही..."

भिंतीवर सकाळी चुन्याचे पांढरे फराटे दिसायचे. बायको पुसायची. संध्याकाळी पुन्हा उमटायचे.

आठवड्याने एक माणूस वखारीत आला. चाळिशीचा, औषधांच्या दुकानात कामाला, डोळे झोप न झाल्यासारखे. हिरव्या दारापाशी जाऊन तो उभा राहिला. खालच्या पत्र्यावर हात ठेवला.

"हा मी ठोकलाय," तो म्हणाला. "पावसाचं पाणी आत यायचं. ठेकेदार म्हणाला, दारं तुम्ही नेलीत. काका, हे मला द्याल का? आईसाठी हवंय."

दारवाल्यांनी त्याला बसवलं. बायकोने पाणी आणून दिलं.

"आम्हाला लांब हलवलंय," तो सांगू लागला. "आईला काही केल्या पटेना. रोज दिवेलागणीला पिशवी घेऊन उभी राहायची. 'चल, घरी जाऊ, उशीर झाला.' रोज समजूत घालायची, रोज ती रडायची. मी चिडायचोसुद्धा कधीकधी. मग गेल्या आठवड्यात एका संध्याकाळी एकदम शांत झाली. 'हुश्श, पोचले बाई,' म्हणाली आणि आडवी झाली. मला वाटलं, चला, रुळली एकदाची." त्याने तोंडावरून हात फिरवला. "त्यानंतर एक शब्द नाही. भरवलं तर खाते. डोळे उघडे असतात, पण आत कोणी नसल्यासारखे. निदान आपलं दार समोर दिसलं तर..."

दारवाल्यांनी बायकोकडे पाहिलं. तिचा चेहरा पांढराफटक पडला होता. म्हणजे ती बाई मेलेली नव्हती. जित्या बाईचा जीव त्यांनी आपल्या घरात घेतला होता आणि दार लावून टाकलं होतं.

"मी येतो बसवायला," दारवाले म्हणाले. "आजच."

टेंपोत दार चढत असताना बायको घरात गेली. खिडकीजवळच्या खुर्चीपुढे वाकली. "चला आई," ती हळूच म्हणाली, "मुलगा न्यायला आलाय." खुर्ची एकदा करकरली.

तात्पुरती घरं म्हणजे एका लांब बोळकांडीत ओळीने खोल्या, सगळ्यांना एकसारखी पत्र्याची दारं. मेहुणा खाली टेंपोतच थांबला. पत्र्याचं दार काढून हिरवं बसवेपर्यंत दिवस कलला. म्हातारी खाटेवर पडून होती. तिच्या उजव्या तळव्याला चुना लागलेला होता.

"कितीदा धुतो," मुलगा म्हणाला. "परत येतो. कुठून, कळत नाही."

दारवाल्यांनी त्याला सगळं सांगितलं नाही. सांगणार तरी कसं? एवढंच म्हणाले, "तुम्ही आत थांबा, दार लावून घ्या. मी वाजवतो. 'कोण' म्हणून विचारा, आणि उत्तर आलं की उघडा. घाबरू नका."

बाहेर येऊन त्यांनी दार वाजवलं. टक टक. थोडं थांबून, टक.

"कोण?" आतून मुलाचा आवाज आला.

दारवाल्यांनी ओठ घट्ट मिटले होते. त्यांच्या खांद्याशी, धापा टाकत, कोणीतरी म्हणालं, "मी आहे."

दार उघडलं. गार झुळूक त्यांच्या दंडाला घासून आत गेली. खाटेवर म्हातारी हळूहळू उठून बसली. तिचा हात भिंतीकडे गेला, चाचपडला. मुलाने धावत जाऊन तो हात धरला आणि बटणावर ठेवला. दिवा लागला.

"किती उशीर रे उघडायला," ती म्हणाली.

मुलगा तिच्या गुडघ्यांवर डोकं ठेवून लहान पोरासारखा रडला. ती त्याच्या केसांतून बोटं फिरवत राहिली. पुढे हिवाळा संपेपर्यंत ती जगली, आणि पुन्हा कधी पिशवी घेऊन उभी राहिली नाही.

पण त्या संध्याकाळी, दारवाले निघायला वळले, तेव्हा ती त्यांच्या पाठीमागे बघत होती.

"त्यांनाही घे ना आत," ती मुलाला म्हणाली. "ताटकळलेत बिचारे."

"कोण गं?"

"आपल्या रस्त्यावरचे सगळे. यांच्या मागोमाग आले."

बोळकांडी रिकामी होती. लांबवर एक दिवा लुकलुकत होता. मुलाने मान खाली घातली. "इकडे आल्यावर बरेच गेले, काका," तो हळू म्हणाला. "म्हातारी माणसं. त्यांना इथली हवा मानवली नाही."

दारवाले जिना उतरून टेंपोत बसले. मेहुण्याने गाडी सुरू केली. इंजिन कण्हलं आणि बंद पडलं.

"दाजी, मागे किती जण बसवलेत? लिफ्ट द्यायची तर मला विचारायचं तरी."

"कोणी नाही रे."

"मग गाडी एवढी दबलीय कशाने? टायर बघा."

दारवाले खाली उतरून मागे गेले. हौद्यात एक दोरखंड आणि ताडपत्री, बाकी काही नाही. पण टायर चपटे झाले होते, आणि मागची फळी त्यांच्या हाताखाली बारीक हलत होती, दाटीने बसलेली माणसं सरकून जागा करून देतात तशी. मग त्यांनी फळी नीट वर करून दोन्ही कड्या लावल्या, कोणी पडू नये म्हणून.

"कुठं घ्यायची?" गाडी पुन्हा सुरू करत मेहुण्याने विचारलं.

"वखारीत. त्यांची दारं तिथेच आहेत." दारवाले पुढे येऊन बसले. "आणि हळू चालव. खड्डे चुकव."

मेहुणा हसायला गेला, आणि सवयीने त्याने आरशात पाहिलं. हसू अर्ध्यावर राहिलं. त्याने हात लांब करून आरसा आभाळाकडे फिरवला, आणि वखार येईपर्यंत एकेक खड्डा चुकवत गाडी हळू नेली.