अण्णारावांची पेशी

“उद्या दुपारपर्यंत ही शेरडं हितनं हलली पाहिजेत!” अण्णाराव गरजले. “तुमच्या शेरडांनीच पाणी नासवलंय. पोरं आजारी पडायलीत!”

वळसंगच्या पुढच्या त्या वस्तीत नळाला हिरवट पाणी येत होतं. टाकीची देखभाल अण्णारावांकडे, पण खापर मात्र टाकीखालच्या सावलीत शेळ्या बांधणाऱ्या कस्तुराबाईंवर! त्या मान खाली घालून उभ्या राहिल्या. त्यांचा नातू सिद्धराम नुसताच दातओठ खात होता.

त्याच्याकडे सुट्टीला आलेली त्याची सोलापूरच्या शाळेतली वर्गमैत्रीण ओवी मात्र पुढे झाली. गेल्या वर्षीपर्यंत ही मुलगी मोठ्यांसमोर ब्रसुद्धा काढत नव्हती!

“काका, शेळ्या उडतात का हो? टाकी केवढी उंच आहे!”

“सोलापूरचं शानपन हितं नको!” म्हणत अण्णारावांनी गाडीला किक मारली.

“दुसरीकडं सावली हाय कुटं?” कस्तुराबाई पुटपुटल्या.

“एकही शेळी हलणार नाही, आजी!” ओवी ठणकावून म्हणाली.

विज्ञान शिबिरात मिळालेला कागदी सूक्ष्मदर्शक तिने पिशवीतून काढला. नळाच्या पाण्याचा एक थेंब काचेवर ठेवला आणि भिंगाला डोळा लावला.

“अय्या! हिरवे हिरवे गोळे! शेवाळ आहे हे!”

“शेवाळ दगडावर असतंय की,” सिद्धराम म्हणाला.

“हे सुटं शेवाळ. एक गोळा म्हणजे एक पेशी. आपल्या अंगात अब्जावधी पेशी, हिचा कारभार एकटीचाच! एकटीच जगते, वाढते, एकीच्या दोन होतात.”

“आणि खाते काय ताई? कडक भाकरी?” ओवीचा धाकटा भाऊ राजस खिदळला.

“उन्हात स्वतःच स्वतःचं अन्न बनवते, शहाण्या! ऊन नसेल तर...”

ओवी थबकली. झाकलेल्या टाकीत ऊन आलं कुठून?

तिघं देवळाच्या गच्चीवर धावली. तिथून टाकीचा माथा स्पष्ट दिसत होता. झाकणच नव्हतं! वर कबुतरांची सभा भरली होती.

“चोर सापडला!” ओवी तडक पारावर गेली आणि ओरडली, “उद्या सकाळी इथे पेशी! टाकीतली पेशी! सगळ्यांनी बघायला या!”

ही बातमी अण्णारावांपर्यंत पोचता पोचता पार बदलली, ‘टाकीची पेशी’ झाली. भावाशी चाललेल्या जमिनीच्या दाव्यात अक्कलकोटच्या कोर्टात खेटे घालणाऱ्या त्या माणसाला ‘पेशी’ म्हणजे एकच गोष्ट ठाऊक होती. कोर्टातली सुनावणी! तारीख! वकील! जज्ज!

सकाळी सगळे पाराकडे निघाले, तर अण्णाराव टाकीवर! घामाघूम होऊन पत्र्याचं झाकण बसवत होते.

“सायेब आले का?” त्यांनी वरूनच विचारलं. “सांगा त्यांना, झाकण वादळात उडालं, तवाच बसवणार होतो मी! पेशी पुढं ढकला म्हणावं!”

“कोर्टाची न्हाय हो, शेवाळाची पेशी!” सिद्धराम ओरडला.

अख्खी वस्ती पोट धरून हसली. मग वस्तीतले वयोवृद्ध वीरभद्रप्पा कडाडले, “अण्णाराव, खाली या! आधी कस्तुराबाईची माफी मागा, मग टाकी उपसून धुवा. आमच्या डोळ्यांदेखत! शेरडं हितंच ऱ्हातील.” त्यांनी ओवीच्या पाठीवर थाप मारली. “आमी मोठी माणसं गप बसलो. तू बोललीस. शाबास पोरी!”

अण्णारावांनी खरंच हात जोडले. कस्तुराबाईंनी भिंगाला डोळा लावला आणि बराच वेळ काढलाच नाही.

“अगं बाई! एवढुशा जिवानं अण्णारावाला टाकीवर चढवलं की!”