उत्तराची जागा

ऑलिव्ह वेचायचे दिवस होते. स्तेर्निया गावच्या बाया झाडांखाली वाकून काळी फळं टोपल्यांत टाकत होत्या. हवालदार ओरेस्ते चिखल तुडवत आला आणि चेझारियापुढे उभा राहिला.

"मावशी, साहेबांचा हुकूम आहे. यापुढे मयताच्या घरी तुमच्या बोलीतलं रडगाणं बंद. इटालियनमध्ये प्रार्थना म्हणा, नाहीतर गप्प बसा. ऐकलं नाहीत तर कोठडी."

चेझारियानं कंबर सरळ केली. साठी उलटलेली, पण हाडापेरानं मजबूत बाई. "तुझ्या साहेबाला विचार, मेलेल्यांना इटालियन कधीपासून कळायला लागलं?"

बाया खदखदून हसल्या. सगळ्यांत मोठ्यानं हसली ती पान्तालेआ, चेझारियाची रडगाण्यातली जोडीदारीण. ओरेस्तेलाही हसू आलं होतं, पण तो मान फिरवून चालू लागला.

गावची बोली ग्रिको. कुठल्या शतकात, कुणाच्या गलबतातून ती इटलीच्या या टोकाला उतरली, ते कुणालाच ठाऊक नव्हतं. राजे बदलले, बिशप बदलले, ती राहिली. कुणी गेलं की या दोघी मयताच्या दोन बाजूंना बसत, एकाच पांढऱ्या रुमालाची दोन टोकं धरत. चेझारिया मेलेल्याला विचारी, आता तुझी विहीर कोण उपसणार? तिकडे तुला घ्यायला कोण आलंय? मग ती थांबे, आणि मेलेल्याच्या वतीनं पान्तालेआ उत्तर देई. त्याशिवाय माणूस पोहोचला असं गाव मानत नसे.

हे सगळं पोदेस्ता वाल्लाउरीला रानटी वाटे. काळ्या सदऱ्यांच्या फॅसिस्ट राजवटीत निवडणुका मोडून रोमनं नेमलेला हा गावप्रमुख. ओरेस्तेसारखाच पार उत्तरेकडच्या डोंगरातून आलेला, कडक इस्त्रीचा, स्वच्छ इटालियन बोलणारा माणूस.

हुकुमानंतर पहिला गेला तो ब्रित्सियो, दगडी बांध घालणारा. पोदेस्ता स्वतः दारात उभा राहिला. कुणी गायलं नाही. दुपारी ब्रित्सियोच्या हनुवटीला बांधलेलं फडकं सुटलं आणि तोंड उघडलं. बायकोनं पुन्हा बांधलं, ते पुन्हा सुटलं. शेवटी तसंच पुरलं.

मग बेकरीवाल्याची सून दोनाता बाळंतपणात गेली. तिचंही तसंच झालं. चेझारियानं दिवा जवळ नेऊन पाहिलं. जिभेचं टोक वरच्या दातांना टेकलं होतं. पहिला शब्द उच्चारायला माणूस टेकवतं, अगदी तसं.

"दमट वारा आहे," डॉक्टर म्हणाला. "स्नायू ढिले पडतात." पण त्यानंही वाकून पाहिलं, आणि पुढे आलेली कॉफी न घेताच बॅग उचलून निघून गेला.

नोव्हेंबर संपता संपता पान्तालेआ तापानं गेली.

चेझारियानं तिला न्हाऊ घातलं, केस विंचरले. हनुवटीला फडकं मात्र बांधलं नाही, तोंड उघडंच राहू दिलं. भर दुपारी तिनं घराचं दार सताड उघडलं आणि रस्त्यावर जमलेल्या बायांना आत बोलावलं. एकेक करून सगळ्या आल्या.

पोदेस्ताही आला, मागे ओरेस्ते.

"बाई, हुकूम कळला होता ना?"

"कळला. आणि आता मोडतेय. बाजूला उभे राहा साहेब, उजेड अडवू नका."

"हिला उठव," पोदेस्ता ओरेस्तेला म्हणाला.

ओरेस्ते जागचा हलला नाही. चेझारियानं रुमालाचं एक टोक धरलं, दुसरं पान्तालेआच्या छातीवर ठेवलं आणि गायला सुरुवात केली.

"पान्तालेआ, तुझ्या कोंबड्यांना दाणे कोण टाकणार गं?"

सवयीनं ती थांबली. उत्तराची जागा रिकामी राहिली. बाहेर गाढव ओरडलं, गप्प झालं.

"शेजारणीला सांग, लाल कोंबडी खुडूक बसलीय."

आवाज पुरुषी होता. शब्द अस्सल ग्रिकोतले, सूर पान्तालेआचा. सगळ्यांच्या माना दाराकडे वळल्या.

बोलला होता पोदेस्ता.

त्यानं तोंडावर हात दाबला. डोळे विस्फारले होते. बोटांच्या फटींतून शब्द येतच राहिले. अंगण झाडा, दार लावू नका, मी नीट आहे.

"साहेब?" ओरेस्ते पुटपुटला.

गाणं इथंच थांबवावं, असं चेझारियाला एकदा वाटून गेलं. पण थांबवायलाच तर पोदेस्ता आला होता. तिनं रुमाल मुठीत आवळला आणि आवाज चढवला.

"ब्रित्सियो भेटला का गं?"

"मुका बसलाय. त्याला विचार."

तिनं ब्रित्सियोला विचारलं. ब्रित्सियो पोदेस्ताच्याच तोंडून बोलला. दोनाताला विचारलं. ती बाळाबद्दल बोलली. दोनाताची सासू भिंतीला टेकून हुंदके देऊ लागली. पान्तालेआचे ओठ हळूहळू मिटत गेले.

"आणखी कुणी आहे?" चेझारियानं शेवटचं विचारलं.

आता आलेले शब्द ग्रिकोतले नव्हते. इटालियनही नव्हते. तुटक, नाकातले, थरथरणारे शब्द. खोलीत कुणालाच कळले नाहीत.

ओरेस्तेला कळले. "आमच्या डोंगरातली बोली," तो म्हणाला. "शाळेत तोंडातून निघाली की छडी बसायची. साहेबांनी ती कधी उच्चारलेली नाही."

"काय म्हणतंय?" चेझारियानं विचारलं.

"कुणी म्हातारी आहे. म्हणते, मलाही विचारा. माझा जेर्मानो विचारत नाही."

पोदेस्ताचा हात तोंडावरून खाली आला. त्याला जेर्मानो म्हणणारं या गावात कुणी नव्हतं.

"माझी आई ठणठणीत आहे," तो इटालियनमध्ये म्हणाला. "कालच तिचं पार्सल आलंय. माझ्यासाठी मोजे विणलेत तिनं."

चेझारिया उठली आणि रुमालाचं मोकळं टोक त्याच्या हातात दिलं.

"बसा. तिला तिच्या बोलीत विचारा. हुकूम गेला खड्ड्यात."

तो बसला. बराच वेळ ओठ नुसतेच हलले. मग लहान मुलासारखा अडखळत पहिला शब्द आला.

ओरेस्ते चेझारियाच्या कानाशी वाकला.

"मावशी, ते पार्सल काल मीच उघडलं. पत्ता तिच्याच अक्षरात होता, आधीच लिहून ठेवलेला असणार. साहेबांनी तेवढाच पाहिला. आत मोजा एकच. दुसरा टाचेपर्यंत विणलेला, आणि सुया तशाच अडकलेल्या."