चोकला लागलेली धग

स्टार्टर दाबून गाडीचा चोक ओढायला गेलेल्या वनमालाने झटकन हात मागे घेतला. बोटं चांगलीच पोळली होती. इंजीन तर अजून सुरूही झालं नव्हतं. मग ही धग आली कुठून?

"बघितलंस?" गाडीभोवती फेऱ्या घालणारे डॉक्टर विद्याधर थांबले. "स्टार्टर दाबला की नुसती कुरकुर. नवी बॅटरी घातली तरी तेच. हे मुद्दाम केलंय कुणीतरी. आणि कोणी, ते मला पक्कं ठाऊक आहे."

कुंपणापाशी ड्रायव्हर दशरथ टोपी हातात धरून उभा होता. मुलुंडला डॉक्टरांचं प्रसूतिगृह निघालं तेव्हापासूनचा माणूस. आज सकाळी डॉक्टरांनी त्याला नर्ससमोर, पेशंटच्या नातेवाइकांसमोर फितूर म्हटलं होतं आणि पोलिसांना फोनही करून टाकला होता.

डॉक्टरांचा राग अगदीच अकारण होता असंही नाही. गेल्या आठवड्यात शुभा नावाच्या बाईला मोठ्या इस्पितळात न्यायचं होतं. गाडी ढकलायला माणसं गोळा होईपर्यंत इतका उशीर झाला की बाळ वाटेत, मागच्या सीटवरच जन्मलं. वाचलं, पण नशिबाने. आज वर जानकी होती, मूल आडवं होतं. तिला कोणत्याही घटकेला हलवावं लागणार होतं.

वनमाला डॉक्टरांची धाकटी बहीण, घाटकोपरच्या मुलींच्या शाळेत विज्ञान शिकवणारी. स्वस्थ बसणं तिच्या पत्रिकेतच नव्हतं. ती गाडीतून उतरली आणि थेट दशरथपुढे जाऊन उभी राहिली.

"दिवे लागतात?"

"झकास लागतत, ताई. हॉर्नय वाजता."

"ढकलली तर?"

"सुरू होता. मगे मस्त पळता."

"हे कधीपासून?"

"दसऱ्याच्या सकाळपासून. पूजा झाली, हार घातलो, आणि गाडी हलाकच तयार नाय."

"आदल्या दिवशी?"

दशरथने डॉक्टरांकडे पाहिलं आणि नजर खाली वळवली. "खंडेनवमीक मी नव्हतंय. त्या दिवशी माका सुट्टी असता, दरवर्षी."

"आपल्या वडिलांपासूनची पद्धत आहे ही," डॉक्टर करवादले. "खंडेनवमीला ज्याची हत्यारं त्यानेच साफ करायची. माझ्या कात्र्या, चिमटे, गाडी, सगळं मीच करतो. त्याचं इथे काय? स्टेशनपलीकडच्या प्रसूतिगृहाने याला नोकरीला बोलावलं होतं, ते विचार."

"गेला का नाहीत?" वनमालाने विचारलं.

"ह्या गाडयेक सोडून जावक जीव होईना," दशरथ म्हणाला.

डॉक्टरांनी चिडून हात झटकला. त्यांच्या घड्याळाच्या पट्ट्यावर एक काळा ठिपका होता. वनमालाने तो पाहिला. तिने बॉनेट उघडलं. आतली पत्र्याची प्रत्येक कड काळी, चकचकीत. नटसुद्धा चमकत होते. ती बराच वेळ वाकून राहिली.

"पाना द्या. आणि पॉलिश पेपर."

एवढ्यात फाटकाशी फौजदाराची सायकल लागली. वनमाला मान वर न करता एक नट सोडवत राहिली. तारांची विणलेली एक पट्टी सुटली, तिच्याखाली तोच काळा तेलरंग होता. तिने तो घासून पत्रा उघडा पाडला, पट्टीचं टोकही घासलं आणि नट पुन्हा आवळला.

"आता ऐक, दादा. बॅटरीतून निघालेल्या करंटला परतही यावं लागतं. बॅटरीचं एक टोक गाडीच्या सांगाड्याला जोडलंय. दिवे सांगाड्यावरच आहेत, म्हणून ते लागत होते. स्टार्टर मात्र इंजिनावर, आणि इंजीन बसलंय रबरावर. दोघांना जोडते ती ही पट्टी. तिच्याखाली रंग. रंगातून वीज जात नाही. मग करंट मिळेल त्या आडवाटेने गेला, डॅशबोर्डापासून इंजिनापर्यंत जाणाऱ्या चोकच्या बारीक तारेतून. ती तापली, मी पोळले. स्टार्टरला पुरेसा मिळालाच नाही."

"म्हणजे याने रंग लावला?"

"वैरी असता तर पट्टी कापून टाकली असती. इथे ती सोडवली, खालची जागा पुसून रंगवली, रंग वाळू दिला आणि पुन्हा घट्ट आवळली. हे जीव लावणाऱ्याचं काम आहे. खंडेनवमीला गाडीजवळ एकच माणूस होता. दसऱ्याला ती नवरीसारखी दिसावी म्हणून त्याने हे केलं. त्याच्या घड्याळाच्या पट्ट्यावर अजून रंग आहे."

डॉक्टरांनी मनगट पाहिलं. अंगठ्याने तो ठिपका खरवडून पाहिला.

वरून नर्सने हाक मारली. जानकीला आत्ता न्यायला हवं होतं.

"दशरथ, चल, गाडी काढ," डॉक्टर म्हणाले.

दशरथ हलला नाही. "डॉक्टरसाहेब, माका फितूर म्हणालात, ता सगळ्यांसमोर म्हणालात."

जिन्यावर नर्स होती, जानकीचा नवरा होता, फाटकात फौजदार. डॉक्टर सगळ्यांना ऐकू जाईल असं बोलले.

"फौजदारसाहेब, गाडी मीच बिघडवली. शुभाच्या बाळाचा जीव माझ्यामुळे टांगणीला लागला. या माणसाचा काही दोष नाही. दशरथ, माझं चुकलं."

दशरथने टोपी घातली. जानकीला मागच्या सीटवर निजवलं, डॉक्टर तिच्या उशाशी बसले. स्टार्टर दाबताच इंजीन पहिल्या झटक्यात सुरू झालं. गिअर टाकण्यापूर्वी दशरथने चोकला बोट लावून पाहिलं.

"थंड आसा, ताई," तो म्हणाला, आणि गाडी रस्त्याला लागली.